तर्री-पोहे, खर्रा आणि भूल

ऑपरेशन ठरलं की ‘फिटनेस करून आणा’ एवढं सांगितलं जातं. मग पेशंट रक्ताचे रिपोर्ट, ईसीजी, छातीचा एक्स-रे असे कागद गोळा करून भूलतज्ज्ञाकडे येतो. सही झाली की फिटनेस झाला, असा सर्वसाधारण समज आहे. पण त्या पंधरा मिनिटांत सगळ्यात कामाचं असतं ते बोलणं. कोणती भूल द्यायची, किती द्यायची, कुठे अडेल, हे आम्ही रिपोर्टइतकंच पेशंटच्या उत्तरांवरून ठरवतो. पेशंटने आपले प्रश्न विचारायची वेळही तीच. ऑपरेशन टेबलावर आडवं झाल्यावर विचारलेल्या प्रश्नाला धीर देता येतो, पण तयारी बदलायला तेव्हा उशीर झालेला असतो. नागपुरातलं मेडिकल किंवा मेयो ही सरकारी हॉस्पिटलं असोत की धंतोली-रामदासपेठेतलं खाजगी हॉस्पिटल, प्रश्न तेच असतात. म्हणून ते इथे सविस्तर घेतो आहे.

‘चहा बी नाही चालत का जी?’

दुधाचा चहा सहा तासांच्या आत चालत नाही. कोरा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो. हा फरक कुणी नीट समजावून सांगत नाही. ‘रात्री बारानंतर काही घ्यायचं नाही’ असं सरसकट सांगणं सोपं पडतं, आणि पेशंट दुपारी दोनच्या ऑपरेशनसाठी चौदा तास पाण्याशिवाय बसतो. मे महिन्यात, बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, हे फार वाईट. शरीरातलं पाणी कमी असेल तर कमरेतल्या भुलीनंतर रक्तदाब जास्त उतरतो, शीर सापडत नाही, डोकं दुखतं, मळमळ वाढते.

उपाशी ठेवण्याचं कारण साधं आहे. शुद्धीत असताना घशाशी काही आलं तर आपण खोकतो, ठसका लागतो, श्वासनलिका वाचते. पूर्ण भुलीत ही राखण बंद पडते. पोटातलं आम्ल किंवा अन्नाचे कण फुप्फुसात उतरले तर न्यूमोनिया होतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. त्यामुळे प्रश्न ‘पोट किती वेळात रिकामं होतं’ एवढाच आहे. पाणी झरझर निघून जातं. पोळी-भाजी, वरण-भात, दूध यांना सहा तास धरतो. तेला-तुपाचं, तळलेलं, मटण यांना आठ तास किंवा जास्त, कारण स्निग्ध पदार्थ पोटाची हालचाल मंदावतात. आईच्या दुधाला चार तास, पावडरच्या किंवा गाईच्या दुधाला सहा.

आता नागपूरच्या ताटात हे बसवून बघा. तर्री-पोहे हा ‘हलका नाश्ता’ नाही. वरची तर्री तेलाचीच असते, म्हणून आठ तास. आदल्या रात्री सावजी जेवण नऊ वाजता झालं आणि ऑपरेशन सकाळी आठला असेल तर तासांच्या हिशेबात ते बसतं, पण त्या रात्री साधं खाल्लेलं बरं. ताक म्हणजे दूधच समजा. संत्र्याचा रस हा इथला नेहमीचा घोटाळा. ‘रसच तर आहे’ म्हणून पेशंट सकाळी ग्लासभर घेऊन येतात. त्यात गर असतो, म्हणून तो पाण्यासारखा धरत नाहीत. सहा तास मोजतात. ओळखायची सोपी युक्ती अशी की काचेच्या ग्लासच्या पलीकडे वर्तमानपत्र धरा. मजकूर वाचता आला तर ते पेय दोन तास आधीपर्यंत चालतं: पाणी, साखर-मिठाचं पाणी, कोरा चहा. लिंबूपाणी गाळूनच घ्या.

गडचिरोली, गोंदिया, छिंदवाड्याकडून पहाटे निघून थेट ऑपरेशनला येणाऱ्यांनी वेळापत्रक आदल्या दिवशीच विचारून घ्यावं. नंबर कितवा आहे, किती वाजता लागेल, शेवटचं पाणी किती वाजता प्यायचं, हे तीन आकडे लिहूनच घ्या. वाटेत ढाब्यावर चहा-पोहे झालेच असतील तर खरं सांगा. बहुतेक वेळा ऑपरेशन काही तास पुढे ढकललं जातं, एवढंच. खोटं सांगितलं तर त्याची किंमत फुप्फुसाला मोजावी लागते. अपघात, अपेंडिक्स, बाळंतपणाच्या कळा अशा तातडीच्या वेळी सहा तास थांबता येत नाही. शिवाय कळांमध्ये, वेदनेत किंवा जुन्या मधुमेहात पोट वेळेवर रिकामं होतच नाही. अशा वेळी पोट भरलेलं आहे असंच धरून आम्ही वेगळ्या पद्धतीने, झटपट नळी टाकून भूल देतो.

एक गोष्ट मात्र उलटी आहे आणि ती आवर्जून सांगतो. दाताची साधी सुई, म्हणजे फक्त हिरडी बधिर करून दाढ काढणं किंवा रूट कॅनाल, यासाठी उपाशी राहायचं नसतं. सकाळपासून पोटात काही नाही, उन्हातून आलेला माणूस, त्यात सुईची धास्ती. खुर्चीत घेरी येणारे पेशंट बहुतेक याच वर्णनाचे असतात. जेवून या, मधुमेहाची गोळी नेहमीप्रमाणे घेऊन या. खुर्चीत डोळ्यांपुढे अंधारी येते आहे, कानात सूं होतं आहे असं वाटलं की लगेच सांगा. खुर्ची आडवी करून पाय उंच केले की मिनिटभरात माणूस सावरतो.

तोंड किती उघडतं, हा प्रश्न आम्ही का विचारतो

विदर्भात भूलतज्ज्ञाला तोंडाची जेवढी चिंता असते तेवढी बहुधा दुसरीकडे नसेल. कारण खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिवसातून चार-सहा वेळा गालात धरला की काही वर्षांत गालाच्या आतलं मऊ आवरण पांढरट, ताठ होतं. आधी तिखट झोंबायला लागतं. सावजी रस्सा पूर्वी सहज खाणारा माणूस साध्या भाजीलाही हाश्श-हुश्श करायला लागला की ते पहिलं लक्षण समजावं. मग तोंड उघडणं कमी होत जातं. सुपारी हे त्याचं मुख्य कारण आहे, त्यामुळे ‘मी तंबाखू सोडली, आता फक्त सुपारी’ याने काहीही वाचत नाही.

घरी करून बघता येईल अशी तपासणी: स्वतःच्या हाताची मधली तीन बोटं एकत्र करून, उभी धरून, वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून बघा. तीन बोटं गेली तर ठीक. दोनच जात असतील तर आदल्या दिवशी सांगायलाच हवं. एकच बोट जात असेल तर ऑपरेशन कोणतंही असो, भुलीची तयारीच वेगळी करावी लागते.

का, ते समजून घ्या. पूर्ण भुलीत बहुधा श्वासनलिकेत नळी टाकावी लागते. मोठ्या माणसाला आतून ७ ते ८ मिलिमीटर रुंदीची नळी लागते, आणि ती टाकण्यासाठी लॅरिंगोस्कोपचं, म्हणजे घसा बघायच्या उपकरणाचं, पातं जिभेवरून घशापर्यंत न्यावं लागतं. दातांत गळू झाल्याने, दुखण्याने जबडा आवळला असेल तर भूल दिल्यावर तो बहुधा सैल पडतो. खर्ऱ्याने आलेला ताठरपणा स्नायूंचा नसतो, तो चामड्यासारख्या झालेल्या ऊतींचा असतो. स्नायू ढिले करणारं औषध कितीही दिलं तरी तोंड एक मिलिमीटरही जास्त उघडत नाही. म्हणजे पेशंटचा श्वास आम्ही औषधाने थांबवलेला आणि नळी घालायला वाट नाही, असा प्रसंग येऊ शकतो. भूलशास्त्रातला याहून अवघड प्रसंग कमीच.

हे आधी कळलं तर उपाय आहे. पेशंटला जागं ठेवून, नाक आणि घसा औषधाने बधिर करून, नाकातून बारीक लवचिक दुर्बीण आणि तिच्यावरून नळी सरकवता येते. ऐकायला भीती वाटते, पण नीट बधिर केल्यावर ते सहन होतं आणि सुरक्षित असतं. ही दुर्बीण प्रत्येक छोट्या हॉस्पिटलात नसते. म्हणूनच आदल्या दिवशी कळणं आणि टेबलावर कळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. घरच्यांसमोर खर्ऱ्याबद्दल बोलायचा संकोच वाटत असेल तर त्यांना दोन मिनिटं बाहेर पाठवायला सांगा. आम्ही उपदेश करायला विचारत नाही.

आणि ऑपरेशनच्या सकाळी ‘तोंड कोरडं पडलं म्हणून थोडासा’ खर्रा खाऊ नका. सुपारीचा तुकडा तोंडात राहिला तर तो थेट श्वासनलिकेत जाऊ शकतो. विडी-सिगारेट निदान आदल्या दिवसापासून बंद केली तरी रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो. फुप्फुसांना आणि टाक्यांना खरा फायदा व्हायला चार आठवडे लागतात.

तोंडाच्याच ओघात: हलणारा दात, कवळी, पुढच्या दातावरची कॅप, हे सगळं सांगा. हलणारा दात निसटून फुप्फुसात जाऊ शकतो.

‘सुई देऊनही दुखूनच राहिलं’

दातांच्या डॉक्टरांकडे सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. पेशंटला वाटतं औषध जुनं होतं किंवा डॉक्टरांना सुई देता येत नाही. बहुतेक वेळा कारण दाढेतच असतं.

दातांसाठी बधिर करणारं औषध नेहमी वापरतात ते लिग्नोकेन, २ टक्क्यांचं, म्हणजे १ मिलीत २० मिलिग्रॅम. त्यात ॲड्रेनलिन मिसळलेलं असतं, १:८०,००० किंवा १:२,००,००० या प्रमाणात. ॲड्रेनलिन तिथल्या रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे औषध जागेवर जास्त वेळ टिकतं आणि रक्तस्राव कमी होतो. वरच्या जबड्याचं हाड सच्छिद्र असतं. दाताच्या मुळाशेजारी १ ते १.५ मिली दिलं की औषध हाडातून झिरपतं आणि काही मिनिटांत दात बधिर होतो. खालच्या दाढांचं हाड दाट असतं. तिथे औषध झिरपत नाही, म्हणून जबड्याच्या मागच्या भागात, नस हाडात शिरते त्या जागेजवळ सुई द्यावी लागते. ही जागा प्रत्येकाची थोडी वेगळी असते. अर्ध्या सेंटिमीटरने चुकलं तरी ओठ अर्धवट बधिर होतो आणि दाढ बधिर होतच नाही. दुसरी सुई दिली जाते ती याचसाठी.

पू झालेल्या किंवा ठणकणाऱ्या दाढेत आणखी एक अडचण आहे, आणि ती रसायनाची आहे. लिग्नोकेनचे रेणू दोन रूपांत असतात. नसेच्या आवरणातून आत शिरू शकतं ते भाररहित रूप. निरोगी ऊतींचा सामू (पीएच, आम्लतेचं माप) ७.४ असतो, तिथे साधारण चौथा हिस्सा औषध या रूपात असतं. सूज आणि पू असलेली जागा आम्लधर्मी असते. सामू ६.४ पर्यंत उतरला तर हाच वाटा ३ टक्क्यांच्या आसपास येतो. सुई तीच, औषध तेच, पण आत शिरणारं औषध फार थोडं. शिवाय सुजलेली नस जास्त संवेदनशील झालेली असते. म्हणून डॉक्टर कधी आधी पू काढून देतात, कधी सुजेपासून दूर नसेच्या वरच्या टप्प्यावर सुई देतात, कधी दाताच्या आणि हाडाच्या फटीत किंवा थेट दाताच्या गाभ्यात थेंबभर औषध सोडतात. ‘आज फक्त औषध देतो, तीन दिवसांनी या’ असं ते म्हणाले तर टाळाटाळ समजू नका. मात्र गालावरची सूज गळ्याकडे उतरते आहे, गिळता येत नाही, ताप आहे, असं असेल तर तीन दिवस थांबायचं नाही. थेट शासकीय दंत महाविद्यालय किंवा मेडिकल गाठायचं.

ज्यांचं तोंड खर्ऱ्याने आखडलं आहे त्यांना खालच्या जबड्याची नेहमीची सुई देताच येत नाही, कारण तिला तोंड पूर्ण उघडावं लागतं. तोंड मिटलेलं ठेवून देण्याची वेगळी पद्धत आहे, तिला वझिरानी-अकिनोसी म्हणतात.

सुई दिल्यावर छातीत धडधड झाली तर लोक ‘मला सुईची ॲलर्जी आहे’ असं कायमचं सांगायला लागतात. ती धडधड बहुधा ॲड्रेनलिनची किंवा भीतीची असते. लिग्नोकेनची खरी ॲलर्जी फार क्वचित आढळते. अंगावर गांधी, ओठ-डोळ्यांना सूज, दम लागणं हे झालं असेल तर मात्र ते गंभीरपणे घ्यायचं. त्या दिवशी नेमकं काय झालं ते क्रमाने सांगा, कारण निदान त्यावरूनच होतं.

प्रमाणाबद्दलही थोडं. ॲड्रेनलिनसह लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे ७ मिलिग्रॅम, साध्याची साधारण ४.५. पन्नास किलोच्या माणसाला २ टक्क्यांचं ॲड्रेनलिनवालं औषध १७ मिलीपर्यंत, साधं ११ मिलीपर्यंत. एका दाढेला दोन-चार मिली पुरतात, त्यामुळे मोठ्यांमध्ये मर्यादा क्वचितच गाठली जाते. पंधरा किलोच्या मुलाच्या चार बाजूंच्या चार दाढा एकाच दिवशी करायच्या म्हटल्या की मात्र हिशेब काटेकोर ठेवावा लागतो. जिभेवर धातूची चव, कानात गुणगुण, तोंडाभोवती मुंग्या, बडबड किंवा झटका ही औषध जास्त झाल्याची लक्षणं. हृदयरोग्यांसाठी ॲड्रेनलिनची मर्यादा एका वेळी ४० मायक्रोग्रॅम धरतात. १:८०,००० च्या द्रावणात हे ३ मिलीच्या थोडं वर येतं, १:२,००,००० च्या द्रावणात ८ मिली. म्हणजे हृदयाचा त्रास असलेल्यांना ॲड्रेनलिन अजिबात चालत नाही असं नाही. अर्धवट बधिर केलेल्या दाढेच्या वेदनेने शरीर स्वतःच यापेक्षा जास्त ॲड्रेनलिन सोडतं.

वरची दाढ काढली की नजर जाते, ही भीती अजून आहे. दातांची नस आणि नजरेची नस पूर्ण वेगळ्या. वरच्या जबड्यात खोल दिलेल्या सुईचं औषध क्वचित डोळ्याच्या खोबणीपर्यंत पसरतं, तेव्हा काही वेळ अंधुक किंवा दुहेरी दिसतं, आणि बधिरपणा उतरला की ते जातं. समज कदाचित यातूनच रुजला असावा.

मुलांच्या बाबतीत घरी गेल्यावरची दोन-तीन तासांची राखण महत्त्वाची. ओठ बधिर असतो, मुलाला गंमत वाटते, ते चावत बसतं, आणि संध्याकाळी ओठ सुजून टम्म होतो. तोवर काही चावून खायला देऊ नका.

‘कमरेत सुई घेतली की कंबर कायमची धरते’

सिझर, हर्निया, मूतखडा, गुडघा, पायाचं फ्रॅक्चर यांत कमरेतली भूल मी मनापासून सुचवतो, आणि सगळ्यात जास्त विरोध तिलाच होतो.

मज्जारज्जू मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या मणक्याच्या आसपास संपतो. सुई देतात तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या फटीत, म्हणजे त्याच्या खाली. तिथे पाण्यासारख्या द्रवात फक्त नसांचे धागे तरंगत असतात. २५ नंबरची सुई साधारण अर्धा मिलिमीटर जाड असते. सलाइनची सुई तिच्याहून जाड. सिझरला जड बुपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध, ०.५ टक्के, साधारण २ मिली लागतं. पाय गरम होतात, जड होतात, मग हलत नाहीत. ओढाताण जाणवते, हात लावलेला कळतो, वेदना कळत नाही. हे आधी माहीत नसेल तर बाई घाबरते, ‘मला कळतंय’ म्हणते. कळणार, पण दुखायला नको. दुखलं तर लगेच सांगा. मळमळ किंवा घाबरल्यासारखं झालं तरी सांगा. तो बहुधा रक्तदाब उतरल्याचा इशारा असतो आणि औषधाने मिनिटात सुधारतो.

सुईच्या जागी दोन-चार दिवस ठणका राहू शकतो. वर्षानुवर्षांची कंबरदुखी सुईने होत नाही. गरोदरपणात सैल झालेले सांधे, वाकून दूध पाजणं, बाळाला कडेवर घेऊन घरकाम, वाढलेलं वजन ही खरी कारणं आहेत. नॉर्मल डिलिव्हरी झालेल्या बायकांचीही कंबर दुखतेच, पण त्यांच्याकडे दोष द्यायला सुई नसते.

सुईमुळे खरोखर होऊ शकणारी गोष्ट म्हणजे डोकेदुखी. सुईच्या छिद्रातून पाठीतला द्रव झिरपत राहिला तर उठून बसल्यावर डोकं आणि मान जोरात दुखते, आडवं झालं की थांबते. १८९८ मध्ये जर्मनीत ऑगस्ट बिअर यांनी ही भूल प्रथम वापरली, स्वतःवरही प्रयोग करून घेतला, आणि त्यांना स्वतःलाच ही डोकेदुखी झाली. आजच्या बारीक, पेन्सिलच्या टोकासारख्या सुयांनी हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी आलं आहे. भरपूर पाणी, चहा-कॉफी, पॅरासिटामॉलने बहुतेकांची थांबते. न थांबल्यास पेशंटचंच १५ ते २० मिली रक्त काढून पाठीत त्या जागी देतात आणि छिद्र बुजतं.

आता एक जुनी रीत मोडायला हवी. ‘चोवीस तास उशी नाही, मान हलवायची नाही’ हे घरचे अजूनही फार कडकपणे पाळतात. सपाट झोपल्याने ही डोकेदुखी टळत नाही, हे आता नीट सिद्ध झालं आहे. उशी द्या. पाय हलायला लागले, रक्तदाब ठीक असला की आधार देऊन बसवा, बाळाला पाजू द्या.

ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं ते यासाठी: पाय सहा तासांनंतरही हलत नाहीत, किंवा हलायला लागून पुन्हा लुळे पडले, पाठीत असह्य दुखतं आणि ताप आहे, लघवीवरचा ताबा गेला. हे फार क्वचित घडतं, पण मणक्यात रक्त साचलं असेल तर काही तासांतच निर्णय घ्यावा लागतो. याच भीतीमुळे आम्ही रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल इतकं खोदून विचारतो. क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस, वॉरफरिन ५ दिवस, ॲपिक्साबॅन-रिव्हरॉक्साबॅन ३ दिवस आधी थांबवतात. ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. पण स्टेंट बसवलेला असेल तर स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करायची नाही. एक-दोन दात काढायचे असतील तर या गोळ्या बहुधा बंदच करत नाहीत, दाब देऊन आणि टाका घालून रक्त थांबवता येतं.

बाकी गोळ्यांचं थोडक्यात: थायरॉइडची आणि ॲम्लोडिपिन, मेटोप्रोलॉलसारखी ब्लडप्रेशरची गोळी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. ब्लडप्रेशरचीच टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल असेल तर विचारून घ्या, बहुधा आदल्या दिवशीपासून थांबवतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन सकाळी नाही. मधुमेहाच्याच डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या तीन दिवस आधी बंद, कारण साखर ठीक दिसत असतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. वजन किंवा साखरेसाठी आठवड्याची सेमाग्लुटाइडची सुई असेल तर नक्की सांगा, पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. सांधेदुखीवर कुणी पुडी देत असेल तीही दाखवा. त्यात स्टेरॉइड असू शकतं.

‘मधातच जाग आली तं?’

पूर्ण भूल एकदा देऊन सोडून देण्याचं इंजेक्शन नसते. प्रोपोफॉल या शिरेतल्या औषधाने अर्ध्या-एक मिनिटात झोप लागते, पण त्याचा एक डोस काही मिनिटांतच उतरतो. पुढे गॅस किंवा औषध सतत चालू ठेवावं लागतं, आणि भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत डोक्याशी असतो. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या मोठ्या पाहणीत, २०१४ मध्ये, भुलीत जाग आल्याची तक्रार सुमारे १९,००० पूर्ण भुलींत एक अशी आढळली. त्यांतल्या बऱ्याच केसेसमध्ये स्नायू ढिले करणारं औषध वापरलेलं होतं, आणि सिझरसारख्या घाईच्या ऑपरेशनमध्ये हे जास्त दिसलं. कमरेतली भूल आणि वर थोडं गुंगीचं औषध असेल तर आवाज ऐकू येणं हे मात्र ठरल्याप्रमाणेच असतं. मोतीबिंदूत तर फक्त थेंब टाकून किंवा डोळ्याशेजारी सुई देऊन डोळा बधिर करतात, पेशंट बोलतही असतो. एंडोस्कोपीला घशात फवारा मारला असेल तर तासभर पाणीही पिऊ नका, ठसका लागेल.

घरात कुणाला ऑपरेशननंतर तासन् तास स्वतःचा श्वास घेता आला नसेल किंवा भुलीत अंग तापून कुणी दगावलं असेल तर ती हकीकत आम्हाला हवीच. दोन्ही दोष आनुवंशिक असू शकतात आणि नेमकी कोणती औषधं टाळायची ते ठरलेलं आहे.

मुलाला ताप, हिरवा शेंबूड, घरघर असेल तर ऑपरेशन निदान दोन आठवडे पुढे जातं. सर्दीने श्वासनलिका चिडकी झालेली असते, स्वरयंत्र अचानक आवळलं जाऊ शकतं. तारीख मिळवायला कष्ट पडले म्हणून खोकला लपवू नका.

सिकलसेल

हे पूर्व विदर्भातल्या प्रत्येकाने वाचावं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि खुद्द नागपुरातही सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी माहीत आहे, तरी ऑपरेशनच्या वेळी ‘ते तर लहानपणीचं आहे’ म्हणून सांगायचं राहून जातं. प्राणवायू कमी झाला, अंग थंड पडलं, पाणी कमी पडलं की या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्या बुजवतात. आता ऑपरेशनचा दिवस आठवा: सकाळपासून उपाशी, एसीने गार पडलेली खोली, रक्त थांबवायला पायाला आवळलेला पट्टा. सगळी कारणं एकाच ठिकाणी गोळा होतात.

कळलं असेल तर उपाय साधे असतात. आदल्या रात्रीपासून सलाइन, यादीत पहिला नंबर, गरम पांघरूण आणि कोमट सलाइन, भरपूर ऑक्सिजन, पट्टा शक्यतो टाळणं, वेदनेवर चांगला उतारा. मोठं ऑपरेशन असेल तर कधी आधी रक्त देऊन हिमोग्लोबिन १० च्या आसपास आणतात. सिकलसेलवरचं हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू ठेवायचं. फक्त वाहक असलेल्यांना बहुधा काही होत नाही, पण सांगा. तपासणी झालेलीच नसेल आणि भावंडांत किंवा मामाकडे कुणाला असेल तर रक्ताची सोल्युबिलिटी टेस्ट करून घ्या. ती पॉझिटिव्ह आली तर वाहक की रोगी हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या रक्ताच्या पुढच्या तपासणीने कळतं.

घरी जाताना

गुंगीचं कोणतंही औषध घेतलं असेल तर चोवीस तास गाडी नाही, गॅसजवळ एकटं उभं राहणं नाही, सही-शिक्क्याचे व्यवहार नाहीत. मोपेडवर मागे बसूनही जाऊ नका. ऑटो किंवा कार करा, सोबत मोठं माणूस हवं. नेलपॉलिश येतानाच काढून या, बोटावरच्या ऑक्सिजनच्या यंत्राला ती अडथळा करते. म्हाताऱ्या माणसांना एक-दोन दिवस भ्रम होऊ शकतो, म्हणून चष्मा आणि कानाचं यंत्र जवळ ठेवा, ओळखीचं माणूस उशाशी बसू द्या.

डिस्चार्जच्या वेळी सर्जनच्या कागदांबरोबर भुलीची नोंदही मागून घ्या. नळी टाकायला अवघड गेलं असेल, एखाद्या औषधाचा त्रास झाला असेल तर ते त्यावर लिहून घ्या आणि तो कागद आधार कार्डाच्या पिशवीत ठेवा. पुढचं ऑपरेशन दुसऱ्या गावात, रात्री दोन वाजता, तुम्हाला कधीही न पाहिलेल्या भूलतज्ज्ञाच्या हाती असू शकतं, आणि तेव्हा बोलायला तुम्ही शुद्धीत असालच असं नाही.